सीलर मारलेल्या काँक्रीटवर पुन्हा पुन्हा फुटणारा पांढरा खार: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

दसरा उलटून ऊन तापायला लागलं की मला येणाऱ्या फोनांपैकी बरेचसे एकाच तक्रारीचे असतात. पार्किंगमध्ये किंवा अंगणात स्टॅम्प काँक्रीट (ओलं असताना साच्याने नक्षी उठवलेलं) केलंय, वर सीलर म्हणजे पाणी अडवणारं लेपण मारलाय, पावसाळ्याआधी छान चमकत होतं आणि आता त्यावर पांढरं काहीतरी आलंय. धुतलं की जातं, वाळलं की परत येतं. मालकाचं ठाम मत असतं की सीलर बोगस निघाला. सीलरवाला म्हणतो काँक्रीट कच्चं होतं. आणि कुणीतरी तिसरा सुचवतो, "वरून अजून एक कोट मारून टाका, झाकून जाईल."

हा तिसरा सल्ला तेवढा ऐकू नका. आत ओल असताना वरून मारलेला कोट पुढे खरवडून काढावाच लागतो, आणि काढण्याची मजुरी मारण्याच्या मजुरीपेक्षा जास्त पडते. पाणी कुठून येतंय ते सापडेपर्यंत रोलर हातात घ्यायचा नाही, एवढं पथ्य पाळलं तर यातली निम्मी कामं जवळजवळ फुकटात सुटतात.

लक्षणं

सगळं पांढरं एकसारखं नसतं. आधी आपल्याकडे यातलं काय आहे ते बघा.

बोटाला लागणारी पावडर: पिठूळ भुकटी, बहुतेक करून सांध्यांच्या कडेने, कुंडीच्या बुडाभोवती, नाहीतर झाडांच्या वाफ्याला लागून असलेल्या पट्ट्यात. पाणी ओतलं की दिसेनाशी होते, वाळलं की पुन्हा हजर.

दुधाळपणा: बोटाला काही लागत नाही, हात फिरवला तर पृष्ठभाग गुळगुळीत, पण रंग धुरकट झालेला. काळा, चॉकलेटी किंवा विटकरी रंग असेल तर लांबूनही दिसतो. हा खार असेलच असं नाही, सीलरच्या थरात अडकलेल्या ओलीमुळेही असंच दिसतं.

फोड आणि पापुद्रे: सीलर जागोजागी उचलला गेलाय, नखाने सोलून निघतो. सोललेला पापुद्रा उलटा करून उजेडात धरा, पोटाला पांढरी भुकटी चिकटलेली दिसेल.

कडक कवच: भेगेच्या दोन्ही काठांवर किंवा पायरीच्या उभ्या अंगावर ओघळ उतरल्यासारखं. नखाने निघत नाही, पत्र्याने खरवडलं की खपलीसारखं सुटतं.

आणि थेंबांचे डाग. गोल, कडेला दाट, मध्ये फिकट. हे बाहेरून पडलेल्या जड पाण्याचे असतात, काँक्रीटचा त्यात दोष नसतो.

हे होतं कशामुळे

सिमेंट पाण्याबरोबर घट्ट होताना त्यातून चुना सुटतो, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून फिरणारं पाणी तो विरघळवून वर आणतं. वर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी गाठ पडली की त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं, आणि ते पुन्हा पाण्यात विरघळत नाही. कडक कवच ते हेच. याशिवाय वाळू, बोअरचं पाणी आणि खालची माती यांतून सोडियम-पोटॅशियमचे क्षार येतात. ते पाण्यात सहज विरघळतात, म्हणून धुतले की गेल्यासारखे वाटतात. नव्या माठावर बाहेरून पांढरा खार फुटतो, तोच हा प्रकार.

हे नेमकं पावसाळ्यानंतर का दिसतं, असं सगळे विचारतात. काँक्रीट चार महिने पाणी पिऊन बसलेलं असतं, हे एक. दुसरं असं की कॅल्शियम हायड्रॉक्साइड गरम पाण्यापेक्षा थंड पाण्यात जास्त विरघळतं. शिवाय थंडीत पाणी सावकाश वाळतं, त्यामुळे क्षार पार पृष्ठभागापर्यंत येऊन मगच बसतात. एप्रिल-मेच्या उन्हात पाणी वरच्या छिद्रांतच वाफ होऊन जातं, क्षार आतच राहतात. म्हणून उन्हाळ्यात फरशी स्वच्छ दिसली तर दुखणं बरं झालं असं समजू नका.

सीलर यात कुठे येतो? चकाकणारा ॲक्रिलिक सीलर काँक्रीटवर एक पातळ पडदा तयार करतो. खालून ओल आली की ती या पडद्याखाली अडते, क्षार तिथेच बसतात आणि त्यांचे स्फटिक वाढताना पडदा उचलतात. सायलेन-सायलॉक्सेन जातीचा सीलर पडदा करत नाही. तो छिद्रांच्या भिंतींत मुरतो, पाण्याला आत येऊ देत नाही पण आतल्या वाफेला बाहेर जाऊ देतो. चमक मात्र देत नाही, म्हणून गिऱ्हाइकाला आवडत नाही. ऊन, पाऊस आणि खालची माती हे तिन्ही असलेल्या उघड्या जागेला माझी पहिली पसंती याच जातीला असते. चमक हवी तर पोर्चच्या छताखाली घ्या.

तपासण्या, फुकटापासून सुरू

१. नुसतं बघणं. सकाळी लवकर, ऊन तिरपं असताना. पांढऱ्या भागाची कड खडूने आखून घ्या आणि मोबाइलवर फोटो काढा. आठवड्याने परत बघा. हे पोरखेळासारखं वाटेल, पण मी कुठल्याही कामावर आधी खडूच काढतो, कारण डागाचा आकार पाण्याची वाट सांगतो. कुंडीएवढं गोल कडं असेल तर कुंडी. भिंतीला समांतर पट्टा असेल तर भिंतीपलीकडून किंवा पायातून ओल. सांध्यांच्या रेषांतूनच येत असेल तर वरचं पाणी सांध्यातून खाली उतरतंय आणि परत वर येतंय. सगळीकडे सारखं पसरलेलं असेल तर एकतर काम नवं आहे किंवा खालची जमीनच ओली आहे.

काँक्रीट वर्षाच्या आतलं असेल आणि पातळ, सगळीकडे सारखी पांढुरकी झाक असेल, तर फार घाबरू नका. नव्या सिमेंटमधला मोकळा चुना पहिल्या एक-दोन पावसाळ्यांत बराचसा बाहेर पडतो, मग प्रमाण कमी होत जातं. मात्र सीलर किती दिवसांनी मारला ते आठवा. काँक्रीटला किमान २८ दिवस द्यावे लागतात, आणि तेवढ्याने भागत नाही, ते वाळलेलंही असावं लागतं. आपल्याकडे वास्तुशांतीची तारीख आधी ठरते आणि काँक्रीट त्या तारखेला वाळायला नकार देतं. मग दहाव्या दिवशी सीलर मारला जातो. अशा कामात आतलंच बांधकामाचं पाणी पडद्याखाली कोंडलेलं असतं, बाहेर गळती शोधून काही हाती लागत नाही.

२. चमचा आणि व्हिनेगर. जुन्या एटीएम कार्डाने थोडी भुकटी खरवडून दोन चमच्यांत घ्या. एकात साधं पाणी घालून ढवळा. भुकटी विरघळून गेली तर सोडियम-पोटॅशियमचे क्षार आहेत. तळाशी बसली तर दुसऱ्या चमच्यात स्वयंपाकघरातलं पांढरं व्हिनेगर घाला. बुडबुडे आले तर कॅल्शियम कार्बोनेट. पाण्यातही विरघळलं नाही आणि व्हिनेगरमध्येही ढिम्म, तर बहुधा ती सीलरचीच झिजलेली भुकटी आहे आणि तुमचं दुखणं वेगळं आहे.

ही चाचणी चमच्यातच करायची. बरेचजण व्हिनेगर थेट फरशीवर ओततात आणि फसफसलं म्हणून निष्कर्ष काढतात. पण सिमेंटचा पृष्ठभागही व्हिनेगरने फसफसतो, त्यावरून काहीच कळत नाही.

यात निदानापेक्षा मोठा फायदा आहे. विरघळणारे क्षार निघाले तर नुसत्या कोरड्या झाडलोटीने आणि थोड्या पाण्याने काम होतं, ॲसिडची गरजच नसते. शिवाय असे क्षार भरपूर असतील तर संशय पाण्यावर किंवा मातीवर जातो. अकोला, अमरावती, बुलढाण्याचा खारपाणपट्टा, सांगली-कोल्हापूरकडची क्षारपड शिवारं, खाडीच्या वाळूत बांधलेली किनारपट्टीची घरं, इथे हे नेहमी दिसतं. आरओ दुरुस्तीला येणाऱ्या माणसाकडे टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणारं) असतंच, त्याला तुमचं बोअरचं पाणी एकदा मोजायला सांगा. काँक्रीट कालवायच्या पाण्यासाठी आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाने लिटरमागे सल्फेट ४०० मिलिग्रॅम, क्लोराइड साध्या काँक्रीटला २००० आणि सळई असलेल्या काँक्रीटला ५०० मिलिग्रॅम अशी मर्यादा घातलेली आहे. टीडीएस मीटर हे वेगवेगळे सांगत नाही, पण आकडा हजारांत गेला तर पाणी प्रयोगशाळेत द्यावं इतकं नक्की कळतं.

३. रोजचं पाणी थांबवून बघणं. दोन आठवडे एवढंच करा. कुंड्या हलवा, त्यांच्याखाली ताटल्या ठेवा. गाडी पाइपने धुण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. आरओचं टाकाऊ पाणी अंगणात सोडलेलं असेल तर ते चेंबरला जोडा, ते नळाच्या पाण्यापेक्षा जास्त क्षारांचं असतं. गच्चीवरची टाकी भरून वाहते का, एसीची नळी कुठे ठिबकते, गच्चीचं पाणी खाली आणणाऱ्या डाऊनटेक पाइपचं तोंड काँक्रीटवरच उघडतं का, हे सगळं बघून घ्या. आणि वाफे. काँक्रीटला खेटून वाफा असेल आणि त्याला रोज पाणी घातलं जात असेल तर काँक्रीटच्या खालचा मुरूम कायम ओला राहतो, वरून फरशी कितीही कोरडी दिसो.

कराडजवळच्या एका बंगल्यात कंपाउंडला समांतर दोन हात रुंदीचा पांढरा पट्टा होता. सीलर दोनदा मारून झाला होता. मालकांनी आपल्या बाजूच्या सगळ्या कुंड्या हलवल्या, तरी फरक नाही. खडूची रेघ मात्र दिवाळीच्या आठवड्यात हललीच नाही आणि नंतर पुन्हा सरकायला लागली. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा केळीचा वाफा होता आणि दिवाळीत ते गावाला गेले होते. वाफा भिंतीपासून थोडा मागे सरकवला, भिंतीच्या पायथ्याशी खडीची चर काढून तिला बाहेर वाट दिली. जुना सीलर तेवढ्या पट्ट्यातून काढावा लागला, बाकी काँक्रीटला हातही लावला नाही.

४. कोरडी सफाई, आणि मग थांबणं. बाहेरचं पाणी थांबवल्यावर साफ करा, आधी नाही. भर दुपारी, कोरड्या दिवशी, कडक नायलॉन ब्रशने घासा. तारेचा ब्रश नको, त्याचे तुकडे फरशीत अडकतात आणि तांबेरा धरतो. भुकटी सुपलीत भरून फेका, सांध्यांत लोटू नका.

उरलेलं ओल्या फडक्याने पुसून घ्या. पाइप लावून धुतलंत तर क्षार विरघळतात आणि फरशी वाळताना तेच पाणी पुन्हा आत ओढलं जातं. "धुतलं की परत येतं" या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं. धुवायचंच असेल तर लहान पट्टा घ्या, आणि पाणी वायपरने किंवा ओलं ओढणाऱ्या व्हॅक्यूमने लगेच उचला.

कार्बोनेटचं कवच यानेही निघत नाही. त्यासाठी व्हिनेगर आणि पाणी समभाग, आधी कोपऱ्यात हाताच्या पंजाएवढ्या जागेवर. ती जागा साध्या पाण्याने ओली करून घ्या म्हणजे ॲसिड खोल शिरत नाही. पाच मिनिटं थांबून घासा, भरपूर पाण्याने धुवा, पाणी उचला. खाण्याचा सोडा टाकून उतारा करायचा असेल तर चिमूटभर पुरे, आणि नंतर पुन्हा स्वच्छ धुवा. मूठमूठ सोडा टाकून तसाच ठेवला तर तोही एक क्षारच आहे, वाळला की पांढराच दिसणार.

दुकानात बाटलीत मिळणारं फरशीचं ॲसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक, मी रंगीत काँक्रीटवर वापरू देत नाही. ते खाराबरोबर सिमेंटही खातं, रंग उतरवतं, मागे क्लोराइड ठेवून जातं आणि खाली सळई असेल तर ती गंजवायला मदत करतं. त्यापेक्षा सौम्य सल्फॅमिक ॲसिडचे खडे मिळतात, पण तेही पाण्यात घालायचे, पाणी ॲसिडवर ओतायचं नाही. आणि कोणतंही ॲसिड ब्लीचिंग पावडरच्या किंवा ब्लीच असलेल्या क्लीनरच्या जवळपास नको, विषारी क्लोरीन वायू सुटतो. मुख्य मुद्दा राहतोच: पांढरं सीलरच्या खाली असेल तर वरून कुठलंही ॲसिड ओतून काही होत नाही. ते तिथपर्यंत पोचतच नाही.

सफाईनंतर तीन-चार आठवडे काहीही मारू नका. परत आलं नाही तर विषय संपला, सीलर जिथे धड आहे तिथे त्याला हात लावायचं कारण नाही.

५. ढाळ आणि सांधे. बादलीभर पाणी ओता आणि बघत उभे राहा. पाणी मीटरमागे एक-दीड सेंटिमीटर ढाळाने सरळ निघून गेलं पाहिजे. डबकं साचलं आणि पांढरं तिथेच येत असेल तर कारण समोर आहे. कापलेल्या सांध्यांतलं सीलंट, म्हणजे भरलेला रबरासारखा मसाला, सुटलंय का हे जुन्या किल्लीने हलकेच दाबून बघा, किल्ली सहज आत गेली तर पाणीही जातं. सांधे कोरडे करून पॉलियुरेथेन सीलंट भरणं हे घरी जमण्यासारखं काम आहे. खोल सांध्यात आधी फोमची दोरी घाला, नाहीतर नळकांडी रिकामी होतील आणि सीलंट दोन्ही कडा धरून ताणलंही जाणार नाही. डबक्याचा ढाळ दुरुस्त करणं मात्र घरचं काम नाही.

६. झायलीनचा बोळा. आता थोडा खर्च. दुधाळपणा सीलरच्या थरातल्या ओलीचा की खालच्या खाराचा, हे ठरवायला रंगाच्या दुकानातून थोडं झायलीन (थिनरसारखं, ॲक्रिलिक मऊ करणारं द्रावण) आणा. पांढऱ्या फडक्याचा बोळा भिजवून दुधाळ भागावर अर्धा मिनिट ठेवा आणि उचला. ओलं असताना काहीही पारदर्शकच दिसणार, त्यावर विश्वास ठेवू नका. पूर्ण वाळू द्या, मग बघा.

वाळल्यावरही रंग मोकळा आणि स्वच्छ राहिला तर सीलरमध्येच ओल अडकली होती. झायलीनने पडदा मऊ झाला, ओल निघून गेली, पडदा पुन्हा बसला. असं असेल तर कोरड्या हवेत सगळ्या भागावर झायलीनचा हलका रोलर फिरवून पडदा पुन्हा बसवता येतो, नवा सीलर लागत नाही. वाळल्यावर पांढरं परत आलं तर खाली खार आहे, आणि पडदा काढल्याशिवाय तो निघणार नाही.

तिसरी शक्यताही असते. बोळ्याखालचा भाग चिकट झालाच नाही, फडक्याला काही लागलं नाही. मग वर ॲक्रिलिक नसून दोन डब्यांचं पॉलियुरेथेन किंवा इपॉक्सी असण्याचा संभव जास्त. ते झायलीनला दाद देत नाही, मशीनने घासून काढावं लागतं. तिथे घरचे प्रयोग थांबवा.

झायलीन पेट घेतं आणि वाफ डोक्यात जाते. उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून काम करा, आसपास बिडी-सिगारेट, देवघरातली समई, गाडीचं इंजिन काही चालू नको. लॅटेक्सचे हातमोजे त्यात फुगतात. नायट्रिलचे घ्या आणि भिजले की लगेच बदला.

७. प्लॅस्टिकचा कागद. दीड फूट बाय दीड फुटाचा जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने हवाबंद चिकटवा आणि किमान १६ तास ठेवा. उन्हात नको, सावलीत. खालच्या बाजूने थेंब जमले किंवा काँक्रीट गडद पडलं तर ओल खालून येतेय. वरच्या बाजूचे थेंब दवाचे, ते मोजायचे नाहीत.

इथे एक गोम आहे. सीलर शाबूत असेल तर ओल त्याच्याखालीच अडते आणि प्लॅस्टिक कोरडं राहून तुम्हाला फसवतं. म्हणून आधी वहीच्या पानाएवढ्या जागेवरचा सीलर झायलीनने काढा, ती जागा चांगली वाळू द्या आणि प्लॅस्टिकचा मधला भाग तिथे येऊ द्या. तुलनेला दुसरा तुकडा जिथे कधीच पांढरं येत नाही तिथे, तसाच सीलर काढून लावा. दोन्ही सारखेच ओले निघाले तर खालची सगळी जमीन ओली आहे, विशेषतः काळ्या मातीवर नीट भराव न करता काम झालं असेल तर. एकच ओला निघाला तर त्या बाजूला काहीतरी गळतंय.

८. जमिनीखालची गळती. रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा, सकाळी पाणी वापरण्याआधी परत बघा. आकडा पुढे गेला तर मीटर आणि घर यांच्यामधे गळती आहे, फक्त टाकीचा बॉल कॉक नीट बंद होतोय याची आधी खात्री करा. जमिनीखालच्या टाकीत पाणी आत-बाहेर जाणारे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून आतल्या भिंतीवर खडूने पातळी आखा, बारा तासांनी बघा. पातळी उतरली तर तुमच्या पार्किंगखाली रोज पाणी मुरतंय आणि सीलरवर घातलेला प्रत्येक रुपया त्यातच जाणार आहे.

सीलर काढून पुन्हा मारायचाच असेल तर

वरचं सगळं झालं, पाण्याची वाट बंद झाली, तरच. पट्टा लहान असेल, समजा एका खोलीएवढा, तर ॲक्रिलिक स्ट्रिपर लावून घरी जमतं. त्यापेक्षा मोठ्या जागेला मशीन आणि सवयीचा हात लागतो. सीलर काढल्यावर खार कोरडा झाडा, गरज तेवढाच धुवा आणि प्लॅस्टिकची चाचणी पुन्हा करा. ती कोरडी येईपर्यंत थांबा, मग महिना लागो की दोन. आपल्याकडे डिसेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंतचे दिवस या कामाला बरे. जून ते सप्टेंबर विचारही करू नका. एप्रिल-मेच्या दुपारी सीलर वरून झटकन वाळतो आणि आत बुडबुडे अडकतात, तेव्हा काम सकाळी सुरू करून ऊन चढण्याआधी आवरा. एका जाड कोटापेक्षा दोन पातळ कोट, आणि डब्यावर जेवढं क्षेत्रफळ लिहिलंय त्याहून कमी जागेत डबा संपला तर थर जाड झालाय असं समजा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

पांढऱ्याबरोबर तांबूस ओघळ दिसले तर आत सळई गंजत असण्याची शक्यता आहे. काँक्रीटच्या खपल्या पडत असतील, किंवा नाण्याने ठोकल्यावर एका जागी टणक आणि शेजारी भद्द आवाज येत असेल तर प्रश्न पृष्ठभागाचा राहिलेला नाही. भेग खडूच्या खुणेपलीकडे वाढत असेल तरीही. यातलं काहीही असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअर, सीलरवाला नको.

सोसायटीच्या पोडियमवर, म्हणजे पार्किंगवरच्या मोकळ्या स्लॅबवर, काँक्रीट असेल आणि खालच्या पार्किंगच्या छताला पांढरे सुळे लोंबायला लागले असतील, तर पाणी स्लॅब पार करून खाली येतंय. वरून काही मारून ते थांबत नाही, वॉटरप्रूफिंगचा थर उघडून बघावा लागतो. असे सुळे दिसले तर कमिटीला आजच कळवा. खाली उभ्या गाड्यांच्या काचेवर आणि रंगावर पडणारे चुन्याचे थेंब नंतर सहज जात नाहीत, आणि तो वाद वेगळा सुरू होतो.

जमिनीखालची टाकी आणि सेप्टिक टँक जवळजवळ असतील आणि टाकीची पातळी उतरत असेल, तर सीलर बाजूला ठेवा. गळणाऱ्या टाकीतून पाणी बाहेर जातं तसं पातळी खाली गेली की बाहेरचं आतही येतं. आधी ते पाणी पिणं थांबवा, मग प्लंबर.

बोलावलेल्या माणसाला खडूच्या खुणा, तारखांचे फोटो आणि चमच्याचा निकाल दाखवा, त्याचा पहिला दिवस वाचेल. लेखी अंदाजपत्रकात तीन गोष्टी असल्याच पाहिजेत: ओल कुठून येते याबद्दलचं त्याचं मत, जुना सीलर कशाने काढणार, आणि नव्या सीलरची जात. प्लॅस्टिकचा तुकडा न लावता, नुसत्या फोटोवरून फोनवरच चौरस फुटाचा दर सांगणाऱ्याला हे काम देऊ नका.